सान्वीची स्कूटी

पिवळ्या पिशवीवाला काका लहान पोरांच्या खाटा ओलांडत थेट आपल्याकडेच येतोय हे दिसलं, तशी सान्वीने चादर गळ्यापर्यंत ओढली. झोपेचं सोंग घ्यायला उशीर झाला होता. काकाने तिचे उघडे डोळे पाहिले होते.

"सान्वी ना तू?" तो स्टूल ओढून बसला. "बोल, काय पायजे? एकच माग, पन मोठा माग."



मीरा रोडच्या त्या कॅन्सर वॉर्डात पोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. संस्थेचे लोक पिवळ्या पिशव्या घेऊन येतात, टोप्या, रंगपेट्या, चार्जर वाटतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्यांच्यातला आत्माराम काका खाटेशी बसून 'काय पायजे' विचारायला लागला, की समजायचं, डॉक्टरांनी हात टेकले. शेजारच्या खाटेवरच्या इशिताने हे सान्वीला आल्या आल्या सांगून टाकलं होतं. पुरावा म्हणून स्वप्नीलचं नाव दिलं होतं. स्वप्नीलने ड्रोन मागितला. ड्रोन आला, वॉर्डभर घिरट्या घालून सिस्टरच्या ट्रेमध्ये पडला. मग एक दिवस स्वप्नीलच्या खाटेवर नवी चादर घातली गेली.

सान्वीला संशय होताच. पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळत नाही? घरातले एकाएकी भलतेच चांगले वागायला लागले होते. पप्पांनी न मागता मोबाइल आणला. धाकटा लोकेश तिला जन्मभर 'ए भुतीण' म्हणत आला होता, तो आता 'दीदी' म्हणायचा. ते ऐकून तिला कापरं भरायचं. आणि मम्मी तर कशालाच नाही म्हणत नव्हती. नया नगरच्या घरी जिच्या ओरडण्याने खालचा दूधवाला दचकायचा, ती मम्मी. सान्वीने मुद्दाम पांघरुणावर डाळ सांडून पाहिली. मम्मीने हसत हसत पुसली. तेव्हा सान्वी भिंतीकडे तोंड करून रडली होती.

आता मम्मी, म्हणजे पंचशीला, खाटेच्या पायथ्याशी उभी होती. हातात अर्धं सोललेलं सफरचंद, चेहरा पांढराफटक. बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या पोरांच्या आयांमध्येही तीच गोष्ट फिरत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं.

सान्वीचं डोकं भराभर चालायला लागलं. ड्रोन-बिन मागितला तर उद्या आणून देतील. तिला असं काहीतरी मागायचं होतं, की खरं काय ते काकाच्या तोंडावर दिसलं पाहिजे. तो 'हो हो, नक्की' म्हणाला आणि नजर चुकवली, की विषय संपला.

"स्कूटी," ती म्हणाली. "पण आत्ता नको. मला अठरा पूर्ण झाल्यावर."

मम्मीच्या हातून सुरी पडली. देतील ना बाळा, ती घाईघाईने म्हणाली, त्यांनी नाही दिली तर पप्पा देतील, कलर कुठला पाहिजे तेवढं सांग.

सान्वी तिच्याकडे बघतच नव्हती. ती काकाकडे टक लावून होती.

आत्माराम जवळच्याच मुर्धा गावचा, पन्नाशी उलटलेला. भर लग्नात नवरदेवाच्या चपला झाडावर टांगण्यात त्याची हयात गेली होती. त्याने डोकं खाजवलं. नजर काही चुकवली नाही.

"न्हाय मिलनार," तो म्हणाला. "अठरा झाली का तू मोठी. मोठ्यांना आमी काय पन देत न्हाय. तवा कमव नि घे."

पंचशीला त्याच्या अंगावरच गेली. आजारी पोरीशी असं बोलतात का, तोंडदेखलं हो म्हणायला काय जात होतं? आत्माराम म्हणाला, जातं ना ताई. आज हो म्हणायचं, आणि उद्या ही अठराची होऊन दारात उभी राहिली म्हणजे? माझं घर मुर्ध्याला नाक्यावरच आहे, कोणीही दाखवेल.

सान्वीने ओठ ओले केले. मग जे वॉर्डात कोणीच त्याला विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं.

"काका, तुम्ही मरणाऱ्यांनाच विचारता ना?"

आत्मारामचं मिशीतलं हसू गेलं.

"कोन बोलला? जो हितं लय दिस आडकला, त्याला आमी इचारतो. डॉक्टर आमाला आतला काय पन सांगत न्हाय. च्या पन इचारत न्हाय."

मग हळू आवाजात त्याने बाकीचंही सांगितलं. स्वप्नील गेला, ते खरं. पण इथेच पिंकी नावाची पोरगी होती, तिलाही असंच विचारलं होतं. ती आता कॉलेजात जाते आणि त्याचा फोन उचलत नाही. तुझं काय होणार ते मला माहीत नाही, तो म्हणाला. पिशवी उचलून तो इशिताच्या खाटेकडे सरकला. इशिताने चादर डोक्यावरून घेतली.

सान्वीची भीती काही गेली नाही. पण काकाला खरंच माहीत नव्हतं, तो लपवत नव्हता. राहिली मम्मी. तिला माहीत असेल.

"मम्मी," ती म्हणाली. "मग तू देशील ना स्कूटी? अठरा झाल्यावर?"

पंचशीलाचं तोंड उघडलं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण तो 'हो' म्हणजे मारच असावा, तशी पोरीने मान आत ओढून घेतली होती. पंचशीलाने तो 'हो' गिळला. सफरचंद बाजूला ठेवलं. पदराने तोंड पुसलं.

"काही स्कूटी-बिटी मिळणार नाही," ती खेकसली. आवाज मध्येच फाटला, तरी तिने रेटला. "आधी दहावी पास हो."