वर्दीवरचा चेहरा

माघ सरत आला तरी वाऱ्यावर साखर कारखान्याच्या मळीची घाण येतच होती. तिथंच कारकुनी करणारा लालासाहेब सुट्टीच्या दिवशी पडवीत रंग घेऊन बसला होता. भिंतीशी अर्धवट चित्रांची रांग होती आणि पुढ्यात एकाहत्तरच्या लढाईत गेलेला थोरला भाऊ. वर्दी, पदकं रंगवून झाली होती. चेहरा तेवढा जमत नव्हता. इतक्यात कारखान्याच्या चेअरमनचा माणूस पान चघळत आला. “तोंड मोकळंच हाय की! आमच्या सायबांचं बसवा. वर्दी लय शोभंल त्यास्नी.” अंगणात पिंक टाकून तो गेला. नोकरीपायी ‘न्हाई’ म्हणवलं नाही, म्हणून लालासाहेबाला स्वतःचीच शिसारी आली. रागारागानं त्यानं ब्रश उचलला आणि दादाचं तोंड पुरं केलं. चहा घेऊन वहिनी, दादाची बायको, आली. चित्राकडं नजर जाताच, दारात चेअरमनच येऊन उभा असावा तसा तिनं पदर पुढं ओढला.