मोकळेपणाने बोलूया

बेलापूरच्या त्या कंपनीत सगळ्या फायली कॉम्प्युटरवर चढल्या, आणि आठवड्याभरात रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या हिरामणकाकांना नव्या मॅनेजर गीतांजली मॅडमचा निरोप आला: 'पंधरा मिनिटं मोकळेपणाने बोलूया.' काकांनी सरळ अर्थ लावला, आपली नोकरी गेली! मग जायचंच तर रुबाबात जाऊ, म्हणून लेकीच्या साखरपुड्याला शिवलेला शर्ट घालून ते केबिनमध्ये शिरले.

"काका, या सगळ्या बदलाचं तुम्हाला टेन्शन येतंय का?" मॅडमनी समोरच्या कागदावरचा प्रश्न वाचून विचारला.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. घड्याळात साडेतीन वाजले होते आणि टेबलावर मॅडमचा डबा तसाच बंद होता. काकांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मॅडम, तुमी अजून जेवल्या नाय?"

पंधरा मिनिटांची भेट सव्वा तास चालली. दाराबाहेर काकांची काळजी करत उभ्या असलेल्या ऑफिसबॉय मितेशला आधी आतून रडण्याचा आवाज आला, मग खो खो हसण्याचा, आणि त्या पोराला काही टोटलच लागेना. शेवटी दार उघडलं आणि हिरामणकाका कॉलर ताठ करत बाहेर आले.

"काका, राहिली ना नोकरी?"

 

"माजी राहिली रं! मॅडमच राजीनामा देत व्हत्या, समजावलंय त्यांना. मंगलवारी परत बोलावलंय मी, बघू किती फरक पडतो!"