प्रकाशरेषेतला हात

आम्हा भावांच्या वर्कशॉपमधलं पत्रा वाकवायचं नवं विजेवरचं यंत्र जवळजवळ निःशब्द होतं. पात्यासमोरच्या प्रकाशरेषेत हात आला, की ते आपोआप थांबे. त्या दुपारी ते सलग चौथ्यांदा थांबलं. पडद्यावर तेच: ‘हात बाजूला घ्या.’

दादाचे दोन्ही हात पत्र्याच्या बाहेरच्या कडेवर होते. माझा पाय पेडलवर.

“सेन्सर तुझ्यासारखाच भित्रा आहे, दादा. बंद करतो.”

“नको रे. असेल कुणाचा तरी हात.”

“कुणाचा? तुझ्या सासूचा?”

तो हसला. मी सेन्सर बंद करून पेडल दाबलं. पापणी मिटावी तसा पत्रा अलगद वाकला.

घडीच्या आत पाच बोटांचा खोल ठसा उमटला होता.

“दादा, हात दाखव.”

“दुखत नाहीये रे,” तो म्हणाला. पण उजवी मूठ उघडेना.