मुशीची दोरी

तरंगणारा पिवळा डबा दोनदा पाण्याखाली गेला आणि व्यंकटनं मान दुसरीकडं वळवली. जणू त्या डब्याशी आणि त्याखालच्या दोरीशी त्याचं काही नातंच नव्हतं.

होडीच्या मधल्या फळीवर त्याची माय बसली होती. कावेरीबाई. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलेली, पदर दातात. ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी घाईघाईनं समुद्राकडं पळत होतं. मुखेडकडच्या माळरानात जन्म काढलेल्या बाईनं एवढं पाणी कधी पाहिलं नव्हतं.

"हे समदं चाललंय कुठं? कुणी अडवीत कसं न्हाई?"

"संध्याकाळी येतं परत, आजी," सुकाणू धरलेला काशिनाथ तांडेल हसला.

"आपल्या आपण?"

"आपल्या आपण."

"तुमी नशीबवान हाव बाबा. आमच्याकडलं गेलं की गेलंच."

काल दुपारी ती न कळवता एसटीतून उतरली होती. कोकणात आपण आंब्याच्या बागेत राखणदार आहोत, असं व्यंकटनं घरी सांगून ठेवलं होतं. खरं वेगळं होतं. लातूरच्या एका मुकादमाबरोबर तो रस्त्याच्या कामावर आला, काम संपलं, टोळी परत गेली आणि हा तांडेलच्या होडीवर राहिला. मुशी धरायला. मुशी म्हणजे शार्कच्या जातीचा, हातभर लांबीचा मासा. अंग पॉलिश पेपरसारखं खरखरीत. दोरीला ओळीनं गळ बांधायचे, भरतीला दोरी सोडायची आणि ओहोटी लागली की ओढून घ्यायची.

घर माळकऱ्याचं. उंबऱ्याच्या आत अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या घरी कोंबडं शिजलं म्हणून कावेरीबाई भरल्या ताटावरून उठली होती आणि पुढं त्या घरचं पाणीही तिनं तोंडाला लावलं नव्हतं. आणि आता तीच बाई व्यंकटच्या पैशाची ज्वारी दळत होती. मुशी मारून मिळवलेल्या पैशाची. रोज हातांना राख चोळताना व्यंकटला वाटायचं, वास आपल्या हाताचा जाईल, पण मायच्या भाकरीला लागलेला कसा जायचा? पाप आपण करतोय आणि खायला तिला घालतोय. तिला न सांगता.

काल त्यानं तांडेलचे पाय धरले होते. "दोन दिवस मी बागेतला माणूस. मायला कळलं तर ती माझ्या घरचं पाणी सोडंल." तांडेलनं शब्द दिला होता. पण सकाळी कावेरीबाईच धक्क्यावर येऊन तांडेलला म्हणाली, "दादा, मला एकडाव होडीत बसव." म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. तिला थोडं फिरवून आणू, दोरीचं मागाहून बघू, असं ठरलं.

पाण्यानं मात्र तेवढी सवड दिली नाही. ओढ वाढली तसा डबा दोरीसकट खडकाकडं सरकू लागला.

"व्यंकट, धर तो डबा! खडकात गेली तर दोरी राहायची नाही!"

व्यंकट हलला नाही.

"अरे, मला सुकाणू सोडता येत नाही! रोज ओढतोस, आज काय हात गळाले तुझे?"

बोलून गेल्यावर तांडेलनं जीभ चावली. व्यंकटनं मायकडं न बघता वाकून डबा उचलला, दोरी हाताला गुंडाळली आणि ओढायला लागला. सवयीचे हात होते. ते खोटं बोलेनात. पहिली मुशी वर आली, मायच्या पायाशी पडली आणि फळीवर शेपूट आपटू लागली. मागोमाग दुसरी आली. दोरी अजून जड होती.

"माय," तो पाठमोराच म्हणाला, "मी..."

"दिवाळीला आलतास तवा मांजर तुझ्या पिशवीवरनं उठंना," कावेरीबाई म्हणाली. "तीनदा हाकललं, तीनदा येऊन बसलं. आन् तळहात हे असे सोललेले. आंबं काय चावत्यात व्हय रे? मला खुळी समजून राहिलास का?"

तांडेलला हसू आलं, पण व्यंकटचं तोंड बघून त्यानं ते गिळलं.

"मग बोलली का न्हाईस?"

"तू लपवून राहिलास. म्हणलं, लपवू दे. लेकराला तेवढीच लाज हाय म्हणायची."

"आन् भाकर? माझ्या पैशाची?"

"खाल्ली की. रोज खाल्ली."

व्यंकटचे हात थांबले. इतके दिवस त्याला एवढाच आधार होता, की तिला ठाऊक नाही. न जाणता खाल्लेलं देव धरत नाही, असं तो मनाला सांगत आला होता. आता तोही आधार गेला. ती जाणून खात होती.

"पाप माझं हाय, माय," तो कसाबसा म्हणाला. "तुझ्या अंगाला नगं ते. तू कळून बी एवढ्या लांब आलीस तरी कशाला? हे बघायला?"

कावेरीबाईनं दातातला पदर सोडून कमरेला खोचला. होडी डुलत होती. एका हातानं लेकाचा खांदा धरून ती उठली, त्याच्या शेजारी पाय रोवून उभी राहिली आणि विहिरीचा दोर धरावा तशी तिनं ती ओली दोरी दोन्ही मुठींत आवळली.

"पापाला वाटेकरी मिळत न्हाई म्हणत्यात," ती म्हणाली. "सरक. ही माझ्या हातानं निघू दे."