आवाज जातो कुठे?

"स्क्रीनवरच्या पट्ट्या हलतायत का?" फोनवर निमिषने विचारलं.

"हलतायत," मी वैतागून म्हणालो. आप्पांच्या जुन्या रेकॉर्डरची डिजिटल वायर साउंडकार्डात लावली होती. हिरव्या पट्ट्या नाचत होत्या आणि टेबलावरचे स्पीकर ढिम्म!

"म्हणजे आवाज आत येतोय. आता बाहेर काढ. आउटपुट बदल."

बदललं. रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. काही नाही. मेनूतल्या सगळ्या खुणा उलटसुलट करून झाल्या, समोरच्या वायरी उपसून फुंकर मारून झाली. आवाज आत जाताना दिसत होता, मग निघत कुठे होता? आप्पांच्या वर्षश्राद्धाला त्यांचं गाणं सगळ्यांना ऐकवायचं, एवढंच तर माझ्या मनात होतं.

तेवढ्यात आई दारात आली. हातात आप्पांचा कानतुटका कप, त्यात वाफाळता चहा.

"मला नको गं आत्ता."

"तुला नाहीये." तिची नजर खोलीभर फिरली. "मघापासून मागतायत. घसा खाकरतात, 'चहा टाक गं' म्हणतात. गाणं सुरू होतंय न होतंय तोच थांबतात, की पुन्हा तेच."

मी साउंडकार्डामागे पाहिलं. स्वयंपाक करताना तिला भजनं ऐकता यावीत म्हणून ओट्यावरच्या स्पीकरला नेलेली वायर. मीच नेलेली आणि मीच विसरलेली.

"आई, ते रेकॉर्डिंग आहे."

"कळतंय रे मला." तिने कप रेकॉर्डरशेजारी ठेवला. "पण मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?"