खडूच्या रेघेवर

"अहो सिस्टर, नुसतं बघताय काय? झोकांड्या खातोय तो! दिसत नाही का तुम्हाला?" फोरमन ओरडला.

दवाखान्याच्या फरशीवर सिस्टरनं खडूनं लांब रेघ ओढली होती. त्या रेघेवरून फोरमनचा जावई एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालत होता. बाहेर जीप उभी होती. अंधार पडला की घाट बंद, मग सकाळपर्यंत कुणाला खाली नेता येत नाही. आणि या उंचीवरच्या विरळ हवेत ज्याच्या मेंदूला सूज आली, तो सकाळ बघेलच असं नाही. सूज आली की आधी चाल बिघडते. हे फोरमनला कुणी शिकवायला नको होतं. अर्धी हयात त्यानं इथं बोगदे खणण्यात घालवली होती.

लेकीला तो शब्द देऊन आला होता, "तुझ्या नवऱ्याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही." तिच्या बाळंतपणासाठी महिनाभर सुटी काढून तो कालच वर परतला होता. जावयाला स्टोअरमध्ये चिकटवून द्यायचं म्हणून सोबत आणलं होतं. साइटचा नियम साधा होता. खालून आलेल्यानं दोन दिवस पडून राहायचं, शरीराला या हवेची सवय होऊ द्यायची. पण तो नियम नवख्यांचा, असं जुनी माणसं धरून चालत. फोरमननं जावयाला खाटेवर झोपवलं आणि स्वतः आल्या आल्या बोगद्यात शिरला.

तेव्हापासून नुसता वैताग! चहा म्हणजे भांडी विसळल्याचं पाणी. मजूर असे चालत होते, जणू पायाला मेंदी लावलीय. आणि जावई? जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते काय खोटं नाही. पडून राहा म्हटलं तर हा बोगद्याच्या तोंडाशी येऊन उभा.

"मामा, तुम्ही जरा टेका ना."

घ्या! आजारी कोण आणि सल्ला कुणाला! "जावईबापू, माझी काळजी करू नका, आधी स्वतःचं बघा," फोरमननं त्याला झापलं. त्याच्या काळजीनं फोरमनला सकाळपासून घास गिळवत नव्हता. डोकं ठणकत होतं. रात्री तर डोळ्याला डोळा नाही. खोलीत कुणाचा तरी श्वास मध्येच बंद पडायचा आणि मग धापा टाकत सुरू व्हायचा. फोरमन दचकून उठून बसायचा, तर जावई आपला शांत पडलेला. झोपेचं सोंग घेण्यात पटाईत!

आणि आज दुपारी ज्याची भीती होती तेच झालं. शेडकडून येताना जावई डोलताना दिसला. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. मागची शेडसुद्धा कुणीतरी तिरकी बांधून ठेवली होती. त्या ठेकेदाराला एकदा फैलावर घ्यायलाच हवं होतं.

"चला मामा, दवाखान्यात जाऊ," जावई म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला. फोरमननं त्याचा दंड घट्ट धरला तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही.

आता जावई रेघेच्या टोकाला पोचला, वळला आणि तसाच परत आला.

"अगदी सरळ चालले," सिस्टर म्हणाली.

"सरळ? याला तुम्ही सरळ म्हणता?" फोरमनचं माथं भडकलं. "तिकडे उजेड चाललाय, जीपवाला ताटकळलाय, आणि इथं सगळी आंधळ्यांची जत्रा! माझ्या पोरीला मी काय तोंड दाखवू? आणि ती रेघ तरी धड काढा, बाई. सापासारखी वळवळतेय ती!"

सिस्टर जागच्या जागी थांबली. तिनं रेघेकडे पाहिलं. मग फोरमनकडे पाहिलं.

"तुम्ही दाखवता का चालून?"

"मी? अहो, तुमचा दवाखाना नव्हता तेव्हापासून आहे मी इथं!"

पण एकदाचं यांचं समाधान होऊ दे, म्हणून त्यानं पाऊल टाकलं. मग दुसरं. तिसऱ्याला फरशी उठून अंगावर आली. जावयानं त्याला वरच्या वर झेललं. तो मघापासून हात पुढे करूनच उभा होता.

जीपमध्ये फोरमनच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. जावयानं त्याच्या अंगावर घोंगडी ओढली आणि स्वतः शेजारी बसला. गाडी घाट उतरू लागली. बऱ्याच वेळानं फोरमननं मास्क किंचित बाजूला केला.

"तुमची स्टोअरची नोकरी राहूनच गेली, जावईबापू," तो पुटपुटला. त्याला रडूच आलं. "पुढल्या खेपेला नक्की."

"मामा, मी माझी नोकरी सोडलेलीच नाही. रजा टाकून आलोय." जावयानं मास्क पुन्हा नीट बसवला. "सुटीवरून परत गेलात की तुम्ही कुणाच्या बापाचं ऐकत नाही, म्हणून तुमच्या लेकीनंच मला धाडलं. बाबांना दोन दिवस खाटेवर झोपवून ठेवा, एवढंच म्हणाली होती. तेवढंही जमलं नाही मला."