डबाभर चांदी

ओहायोतल्या किराणा दुकानात गल्ला सांभाळणाऱ्या व्हेल्मासमोर एका म्हातारीनं पावासाठी मूठभर नाणी ओतली. त्यांचा नेहमीपेक्षा वेगळा खणखणाट ऐकून व्हेल्मा दचकली. सगळी जुनी, चांदीची! तिचा नवरा ऑर्विल वर्षानुवर्षं सुट्ट्या पैशांत अशीच नाणी शोधत होता. वर्षाकाठी एखादं सापडलं तरी हरखायचा. “आमचे हे गेले, त्यांच्या डब्यातली आहेत,” म्हातारी म्हणाली. “उरलेलीही इथंच खपवते आता.” व्हेल्मानं गुपचूप आपल्या पर्समधली तेवढ्याच रकमेची साधी नाणी गल्ल्यात टाकून ही उचलली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण तिनं ती म्हातारीच्या ओंजळीत परत ठेवली. “मावशी, ही चांदी आहे. वर छापलेल्या आकड्याच्या कितीतरी पट किंमत येईल हिची. डबा जपून ठेवा. पावाचं मी बघते.” संध्याकाळी तिनं चाचरतच ऑर्विलला सगळं सांगितलं. तो उठला आणि त्यानं थेट भावाला फोन लावला. “तुझ्या वहिनीनं आज माझी मान उंचावली रे, ऐक तरी!”